शेपटाचा माग काढणाऱ्या बाई

फोन वाजला की बाई तो उचलायच्या, कानाला लावायच्या आणि काहीच बोलायच्या नाहीत. ‘हॅलो’ नाही की ‘कोण’ नाही. पलीकडचा माणूस ‘हॅलो, हॅलो’ करत राहायचा, आवाज चढवायचा, कधी वैतागून ठेवून द्यायचा. बाई शांत. मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, यांना ऐकू कमी येत असावं. एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, “आधी समोरच्याचा श्वास ऐकून घ्यावा. बोलायला लागला की माणूस लपतो.”

उमेदीची वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती, एवढं मला नंतर मालकांकडून कळलं. मालकांना आम्ही सगळे शेठ म्हणायचो. त्यांची कंपनी म्हणजे लोणावळ्यात एका बंद बंगल्याचं आउटहाऊस, पाच-सहा कॉम्प्युटर आणि भिंतीवर पवना धरणाच्या काठावरच्या तंबूंचे फोटो. तंबू, बंगले, शेतघरं यांचं बुकिंग आम्ही घ्यायचो. मी कान्ह्याहून सकाळच्या लोकलनं यायचे. बंगल्याचे मालक मुंबईला असत आणि कधीच यायचे नाहीत. पावसाळ्यात ढग थेट आवारात उतरले की बंगला दिसेनासा व्हायचा आणि आमचं आउटहाऊस कुठल्याही घराशी संबंध नसल्यासारखं एकटंच उरायचं.

बाईंना मागची छोटी खोली दिली होती. त्या खोलीत त्यांच्याशिवाय कोणी बसत नसे. तरीही आत जाताना त्या दारावर टकटक करायच्या आणि थोडं थांबायच्या. रोज. चहा घेऊन परत आल्या तरी पुन्हा टकटक, पुन्हा थांबणं. आमच्यातला एक जण हसला तेव्हा त्या वळून अगदी साधेपणानं म्हणाल्या, “आत कोणी असलं तर त्याला आवरायला वेळ नको का?”

त्यानंतर कोणी हसलं नाही. आणि त्या खोलीत एकटं जायला मी तरी तयार नसायचे.

घरी कोण असतं, हेही मी विचारलं होतं. “आहेत,” म्हणाल्या. कोण, किती, काही नाही.

बाईंचं काम सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. पुण्यातली एक कंपनी आमच्याच धंद्यात होती आणि बुकिंगमध्ये आमच्या कितीतरी पुढे होती. जाहिरात आमच्याइतकीच, तंबूही त्याच काठावरचे. फरक एवढाच की इंटरनेटवर फिरस्तीबद्दल लिहिणारी शेकडो माणसं आपल्या लेखात त्या कंपनीच्या पानाचा दुवा द्यायची. वाचणाऱ्यानं त्यावर बोट टेकवलं, बुकिंग केलं की लिहिणाऱ्याला कमिशन. ही माणसं कोण ते हुडकायचं आणि आपल्याकडे वळवायचं, हे बाईंचं काम. त्यासाठी एक प्रणाली असते. तिच्यात प्रतिस्पर्ध्याच्या साइटचं नाव घातलं की जगभरातून तिच्याकडे येणारे सगळे दुवे समोर येतात. याला बॅकलिंक म्हणतात. त्यातले बहुतेक नुसताच कचरा असतात. पण काही दुव्यांच्या शेवटी एक लहानसा कोड चिकटवलेला असतो, कमिशन कोणाच्या खात्यात जमा करायचं हे सांगणारा. बाई त्याला ‘शेपूट’ म्हणायच्या.

“लेखात काय लिहिलंय ते नंतर वाच,” त्या मला शिकवताना म्हणाल्या, “आधी शेपूट बघ. कोण कोणाकडे बोट दाखवतंय आणि कशासाठी, ते तिथं कळतं.”

इतर कुठल्याही कंपनीत अशी नावं सापडली की सगळ्यांना एकच ईमेल पाठवून मोकळे होतात. बाई पाठवायच्या नाहीत. त्या त्या माणसाचं आजवरचं सगळं लिखाण वाचून काढायच्या, पडद्याचा उजेड इतका मंद करून की शेजारच्याला नुसता काळा पडदा दिसावा. वाचताना ओठ हलायचे. मधेच म्हणायच्या, “ह्यानं लग्न केलं. ‘मी’ जाऊन ‘आम्ही’ आलं.” किंवा, “हिला आता चालवत नाही. फोटो सगळे गाडीतून काढलेत.” आणि मग एक दिवस उठून त्या माणसाच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या.

कामशेतला एक जण होता, डोंगरावरून छत्रीनं उडायला शिकवायचा आणि त्याबद्दल लिहायचाही. मी बाईंबरोबर गेले होते. दार उघडल्यावर बाईंनी नाव-गाव काही न सांगता विचारलं, “मुलीचं आता कसं आहे?”

माणूस पांढरा पडला. मुलीबद्दल त्यानं कुठंच एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. मुलगी खरंच आजारी होती, नुकतीच बरी झाली होती. परत येताना मी विचारलं, तर बाई म्हणाल्या की पूर्वी त्याच्या प्रत्येक फोटोत कडेला एक छोटी गुलाबी टोपी असायची, मग ती दिसेनाशी झाली आणि लेखही तुटक झाले. उत्तर सरळ होतं. तरी मला जीपमध्ये त्यांच्या शेजारी बसताना अंग आखडून घ्यावंसं वाटलं. तो माणूस आमच्याकडे आला नाहीच. उलट त्यानं शेठना फोन करून सांगितलं, “काहीही करा, पण त्या बाईंना परत पाठवू नका.”

काही पानांपाशी बाई थबकायच्या. माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, “इथलं माणूस गेलंय. दुसरं बिऱ्हाड शिरलंय.”

त्याचा अर्थ मला हळूहळू कळला. साइटचं नाव आपण भाड्यानं घेतो. भाडं थकलं की नाव मोकळं पडतं. अशा नावांवर टपून बसलेली माणसं असतात. कारण घरातला माणूस गेला तरी वर्तमानपत्रं, शाळा, ट्रेकचे ग्रुप त्या घराकडे बोट दाखवतच राहतात आणि त्या सगळ्या बोटांमुळे गूगलला ते घर मोठं वाटतं. मग कोणीतरी ते नाव उचलतो, इंटरनेटवर कुठं कुठं उरलेली जुनी पानं परत लावतो, त्यांवर आपली पानं चढवतो, शेपटं चिकटवतो.

“मेलेल्या माणसाच्या तोंडून दुकान चालवतात,” बाई म्हणाल्या. हे बोलताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही खाली गेला होता.

आता सारिकाबद्दल.

प्रतिस्पर्ध्याला सगळ्यात जास्त बुकिंग कुठून येतं हे शोधताना बाईंना एक पान सापडलं. ‘सारिका कुटं गेली?’ असंच त्याचं नाव. मावळातल्याच एका मुलीचं. वर फोटो होता, धरणाच्या वाऱ्यानं केस तोंडावर आलेले, डोळे बारीक केलेले. सुट्टी मिळाली की ही पोर घरात न सांगता लेण्यांवर, गडांवर, धरणाच्या मागच्या गावांत भटकायची आणि वडील शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाच प्रश्न विचारत फिरायचे, म्हणून हे नाव. पवनेच्या काठावर कुठं राहावं असं कोणीही शोधलं की पहिलं तिचंच पान यायचं.

शेठ खूश. “लोकल पोरगी आहे! बाई, हिला आपल्याकडे घ्याच. काय लागेल ते बोला.”

बाईंनी ते पान वाचायला घेतलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मला आत बोलावलं. बाहेर ढग उतरलेला, खिडकीत नुसतं पांढरं.

“हे वाच,” म्हणाल्या. जुना लेख होता. ‘दिवसभर तापलेल्या कातळाला पाठ लावून पडलं की वाटतं, दगडालाही ताप येत असेल आणि कोणी विचारत नसेल.’

“आता हे वाच.” नवा लेख. ‘निसर्गाच्या सान्निध्यात अविस्मरणीय क्षण अनुभवा. आजच तंबू राखून ठेवा.’

“लिहिणारी बदलली,” मी म्हणाले.

“लिहिणारी नाहीच आता. खाली जा. लोकांचे अभिप्राय बघ.”

प्रत्येक नव्या लेखाखाली ‘आबा’ नावानं कोणीतरी लिहिलं होतं. ‘हितं कदी गेलतीस? सांगितलं न्हाईस.’ त्याखाली सारिकाच्या नावानं उत्तर : ‘धन्यवाद आबा! तुम्हीही नक्की भेट द्या.’ पुढच्या लेखाखाली आबा : ‘रेनकोट नेलाय का?’ उत्तर : ‘हो, रेनकोट जरूर सोबत ठेवा! आमची सामानाची यादी पाहा.’ मला हसू फुटलं. मग पुढचं वाचलं. आबा : ‘तुजी आय लय आठवन काडती.’ उत्तर : ‘मलाही तुमची खूप आठवण येते! लवकरच भेटू.’

मी खुर्ची पुढं ओढली.

“मशीन उत्तरं देतंय,” बाई म्हणाल्या. “पण अजून खाली जा. दिवाळीच्या पुढं.”

तिथं, या पावसाळ्यात, आबांनी लिहिलं होतं : ‘पाऊस लय हाय. तू कुटं हायस?’

आणि खाली सारिकाच्या नावानं : ‘हितंच हाय. पत्र्याचं पानी पिपात पडतंय, ऐकू येतंय. तुमी गोळी घ्या.’

मशीनला पिंप कुठून माहीत? मी बाईंकडे पाहिलं. त्या पडद्याकडे बघत होत्या, फोनवर दुसऱ्याचा श्वास ऐकताना बसायच्या तशा.

“उद्या जाऊ,” म्हणाल्या.

कामशेतहून पवनानगरची जीप मिळाली. घर शोधायला वेळ लागला नाही, सारिकाचं नाव काढल्यावर पानटपरीवाल्यानं बोट केलं, पण आमच्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं. वस्तीच्या टोकाला पत्र्याचं घर, शेजारी गोठा. वळचणीखाली निळं पिंप होतं आणि त्यात पाण्याची धार पडत होती. मी ते पाहिलं आणि बाईंचा हात धरला. आजवर कधी धरला नव्हता.

दार उघडंच होतं. बाईंनी चौकटीवर टकटक केली आणि थांबल्या. आतून धोतर-बनियनमधला एक म्हातारा आला.

“कोन पायजे?”

“सारिकाकडे आलो होतो,” बाई म्हणाल्या.

म्हाताऱ्यानं घोंगडी अंथरली. “बसा,” म्हणाला. “ती न्हाई.”

हेच आबा, सारिकाचे वडील. भिंतीवर तोच वाऱ्यातला फोटो होता, हार घातलेला. मी दारातच थांबले. बाई मात्र आधीपासून माहीत असल्यासारख्या खाली घोंगडीवर बसल्या.

सारिका तळेगावला एका कारखान्यात ऑफिसात होती. कामावरून येताना जुन्या हायवेवर स्कूटी घसरली. आबा हे सगळं हवापाण्याच्या गोष्टी सांगाव्यात तशा सुरात सांगत होते. मग त्यांनी कोनाड्यातून फोन काढला. “त्यो तिचाच. मला तिनंच टायपिंग शिकवलं हुतं, मराटीत. ती गेल्यावर तिचं पान मी रोज उघडून बगायचो. मग एक दिवस ते पांढरंच झालं. म्हनलं, चला, हे बी गेलं. आन् मग एका सकाळी बगतो तर नवं लिवलेलं. तिच्या नावानं, तिचा फोटू.”

आतून बांगड्या वाजल्या. सारिकाची आई दाराशी येऊन उभी राहिली होती. बारीक, वाळलेली बाई. त्यांना लिहायला-वाचायला येत नव्हतं, आबा त्यांना सगळं वाचून दाखवायचे. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुमच्याशी बी बोलती का?”

बाई म्हणाल्या, “नाही मावशी. तुमच्याशीच बोलते.”

मावशींनी मान हलवली आणि चहा ठेवायला आत गेल्या. त्या गेल्याबरोबर आबा पुढं सरकले. त्यांचा आवाज एकदम बदलला.

“बाई, मी येडा न्हाई. अग्नी मीच दिलाय तिला. ती न्हाई हे मला ठावं हाय. तुमी ह्या कामातल्या दिसताय, तर एवडंच सांगा. लिवतंय कोन?”

“शोधून सांगते,” बाई म्हणाल्या.

शोधायला त्यांना फार वेळ लागला नाही. सारिकाच्या नव्या लेखांमध्ये जे शेपूट होतं, तेच त्यांनी उलटं शोधलं, म्हणजे हेच शेपूट आणखी कोणत्या पानांवर आहे ते. एका निवृत्त शिक्षिकेचं पाककृतींचं पान होतं, पक्षी बघणाऱ्या एका डॉक्टरांचं होतं, भजनाच्या चाली गोळा करणाऱ्या गृहस्थांचं होतं. त्या सगळ्यांचं जुनं लिखाण एका दिवशी थांबलेलं आणि काही महिन्यांनी पुन्हा सुरू झालेलं, तंबू आणि बंगले सुचवणारं. पानं एकमेकांकडे बोट दाखवत होती. बाई एकेक उघडत गेल्या. मेलेल्या माणसांची त्या खोलीत सभाच भरली होती आणि सगळी हसऱ्या फोटोंमधून एकच वाक्य म्हणत होती, आजच राखून ठेवा. त्या दुपारी मी पहिल्यांदा उठून बाहेरचा दिवाही लावला.

एका पानाच्या तळाशी पत्ता राहून गेला होता, त्यावरून हे सगळं चालवणारा माणूस वडगावात निघाला. कोर्टाच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर. मला कोणी काळाकभिन्न राक्षस अपेक्षित होता. दार उघडलं ते एका तिशीच्या, चष्मेवाल्या, सभ्य मुलानं. त्यानं आमच्यासाठी खुर्च्या पुसल्या.

“मॅडम, नाव मी रीतसर विकत घेतलंय. चोरलेलं नाही.”

“फोटो?”

तो जरा गडबडला. “जुन्या पानांवर होता. राहू दिला. फोटो असला की लोकांचा विश्वास बसतो.”

“आणि उत्तरं?”

“ती मशीन द्यायचं. मी वाचत नाही. इतकी पानं आहेत, कुठं वाचणार?”

बाईंनी आपला फोन त्याच्यापुढं धरला. “मोठ्यानं वाच.”

तो वाचायला लागला. पहिलं, दुसरं. ‘तुजी आय लय आठवन काडती’पाशी त्याचा आवाज अडला. त्यानं चष्मा काढला. बाई म्हणाल्या, “पुढं.” तो वाचत गेला आणि मग एकाएकी थांबून पडद्याकडे बघायला लागला.

“मॅडम, हे माझं नाही.”

“कुठलं?”

“दिवाळीनंतरचं. उत्तरांचं मशीन मी दिवाळीलाच बंद केलं होतं. त्यानंतर एकही उत्तर गेलेलं नाही.” त्यानं स्वतःच्या कॉम्प्युटरवर जाऊन पाहिलं, परत आला, तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. “सारिका हे नाव कोणीतरी बाहेरून टाकलंय... आतून नाही आलेलं हे. हे पिपाचं वगैरे मी नाही लिहिलेलं, आईची शपथ.”

गल्लीतून कोर्टात निघालेल्या लोकांचे आवाज येत होते, भर दुपार होती, तरी आम्ही तिघंही त्या फोटोकडेच बघत होतो. मग बाईंनी पर्स उचलली.

जिन्यात मी म्हणाले, “बाई, मला भीती वाटते.”

“अभिप्राय लिहिताना नावाच्या चौकटीत कोणीही कोणाचंही नाव लिहू शकतं,” त्या म्हणाल्या. “उत्तरातलं ‘हितंच हाय’ पाहिलंस? सारिकानं तिच्या जन्मात असं लिहिलं नाही. ती शाळेच्या भाषेत लिहायची. असं लिहिणारा त्या पानावर एकच माणूस आहे.”

मला कळलं आणि कळू नये असंही वाटलं.

पुन्हा पवनानगरला गेलो तेव्हा आबांना बाईंनी गोठ्याकडे नेलं. मावशी घरात भाकऱ्या थापत होत्या, थापल्याचा आवाज येत होता. बाईंनी वडगावच्या मुलाबद्दल, मशीनबद्दल सगळं सांगितलं. आबांनी मान खाली घालून ऐकलं. मग बाई म्हणाल्या, “दिवाळीपर्यंत मशीन होतं. त्यानंतर तुम्ही होता.”

आबांनी गाईच्या पाठीवर हात ठेवला. “व्हय.”

“का?”

“उत्तर यायचं बंद झालं. ही रोज इचारायची, काय म्हनली? मी म्हनायचो, कामात आसंल. आठ-पंधरा दिस झालं आन् हिनं ताटावर बसायचंच सोडलं. मग मीच लिवलं. तिच्या नावानं. हिला वाचून दाखवलं. त्या दिशी हिनं भाकर खाल्ली.”

“मग मला का विचारलंत, लिहितंय कोण म्हणून?”

आबा गाईची पाठ चोळत राहिले. गाय कान हलवत होती. “पयल्यांदा लिवलं तवा ठावं हुतं, मी लिवतोय. आता तसं ऱ्हायलं न्हाई. मी काय मनात आनलेलं नसतं आन् बोट चालतं. परवा तिनं लिवलं, गोळी घ्या. बाई, मी गोळी घ्यायची इसरलो हुतो. खरंच इसरलो हुतो. मला आठवन न्हवती, मंग लिवलं कुनी?”

बाईंकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर असायचं. टोपीचं होतं, शेपटाचं होतं. या प्रश्नावर त्या गप्प राहिल्या. मी पाहिलं, त्यांचे ओठ हलत होते, वाचताना हलायचे तसे.

“पान बंद करायचं का?” शेवटी त्यांनी विचारलं. “तो मुलगा तयार आहे.”

“नगा,” आबा म्हणाले. “त्या जाहिराती तेवड्या काडा. बाकी ऱ्हाऊ द्या. हिच्यासाटी.”

घरातून मावशींनी हाक मारली, काय बोलत बसलाय, भाकरी निवली. आम्ही जेवलो. आबांनी फोन काढून वाचून दाखवलं, मावशी हातातला घास तसाच धरून ऐकत राहिल्या, आणि बाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

वडगावच्या मुलानं शब्द पाळला. नवे लेख काढले, जुने लेख आणि आबांचे अभिप्राय ठेवले, शेपटं उडवली. हे शेठना कळलं तेव्हा ते हरखलेच. “म्हणजे पान आता रिकामं आहे? मग आपलं शेपूट लावा की! पहिल्या नंबरला येतं ते.”

“नाही,” बाई म्हणाल्या.

“नाही म्हणजे? आपण सोडलं तर दुसरा कोणी लावेल. तुम्हाला ठेवलंय कशासाठी?”

बाईंनी आपला चहाचा पेला धुतला, पुसून पिशवीत घातला. खोलीकडे एकदा पाहिलं, पण आत गेल्या नाहीत. फाटकापर्यंत मी बरोबर गेले. आउटहाऊसच्या बाहेर ढग होता, चार पावलांवर त्या दिसेनाशा झाल्या. त्यांचा नंबर त्याच आठवड्यात बंद लागला. त्यांचं घर कुठं आहे हे ऑफिसात कोणालाच माहीत नव्हतं, आणि ज्या प्रणालीवर आम्ही माणसं हुडकायचो, तिच्यात बाईंकडे बोट दाखवणारं काहीच नव्हतं.

पुढं मीही ते काम सोडलं, वडगावात दुसरीकडे लागले. अधूनमधून सारिकाचं पान उघडून बघायचे. आबांचे प्रश्न असायचे, खाली उत्तरं असायची. एका उन्हाळ्यात प्रश्न थांबले. नंतर एकदा उघडलं तर पानच बदललेलं होतं. नाव तेच, ‘सारिका कुटं गेली?’, पण खाली गाद्या-उशांची दुकानदारी. वडगावच्या मुलाला फोन लावला. तो बंगळुरूला नोकरीला गेला होता, नावाचं भाडं भरायचं त्याच्या ध्यानातून गेलं होतं. दुसऱ्या कोणीतरी ते उचललं होतं.

मला पहिल्यांदा आठवला तो मावशींचा हातात तसाच धरलेला घास. आलेल्या रविवारी मी पवनानगर गाठलं.

जीपवाल्यानंच सांगितलं, आबा उन्हाळ्यात गेले. झोपेतच. “म्हातारी एकटीच हाय,” तो म्हणाला, “पन बरी हाय. जेवती-खाती.”

घराचं दार उघडं होतं. आतून वाचल्याचा आवाज येत होता. एकसुरी, खालचा आवाज, तो मी कुठंही ओळखला असता. भिंतीला टेकून मावशी बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर बाई, आता वाळलेल्या, हातात सारिकाचा फोन. मला पाहून त्यांनी नुसती मान हलवली आणि वाचत राहिल्या.

“...ओढ्यात माझी एक चप्पल वाहून गेली होती आई. दुसरी मीच टाकून दिली. ती एकटी काय करेल, असं वाटलं. तुला सांगितलं, दोन्ही चोरीला गेल्या.”

मावशींनी कपाळावर हात मारून घेतला. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “आगं बया! त्यासाटी मारलं हुतं मी तिला. कुनालाच न्हाई म्हायती हे. आबांना सुदिक न्हाई.”

बाईंनी अंगठ्यानं पान वर सरकवलं आणि पुढचं वाचू लागल्या. मी चप्पल काढून जवळ गेले, बाईंच्या शेजारी बसले आणि फोनकडे पाहिलं.

फोन बंद होता. काच काळी होती. त्यावर बाईंचा अंगठा फिरत होता, थांबत होता, पुन्हा फिरत होता.

मी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांची नजर काळ्या काचेवरून डावीकडून उजवीकडे जात होती, ओळ संपली की परत येत होती. हे त्या रचत होत्या असं म्हणावं, तर रचणाऱ्या माणसाचे डोळे असे चालत नाहीत.

वाचता वाचता त्यांना खोकल्याची उबळ आली. त्या पाणी प्यायला उठल्या आणि उठताना फोन माझ्या मांडीवर ठेवून गेल्या. मावशी पुढं वाकल्या.

“तुला दिसतंय ना लिवलेलं?” त्यांनी विचारलं. “मला तर नुसतं काळंच दिसतं. डोळं गेलं माजं.”

“दिसतंय मावशी,” मी म्हणाले.

“मंग वाच की पुढचं. काय म्हनती?”

माठाजवळ बाई माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. पेला तोंडाशी होता, पण त्या पीत नव्हत्या. ऐकत होत्या. मी फोन उचलला. काच गार होती. मी अंगठा वर सरकवला.

“आई,” मी वाचलं, “आज इथं ऊन पडलंय.”

मावशींनी पाय पोटाशी घेतले आणि डोळे मिटले.